बिनशेपटीची पाल

६ मार्च, सोमवार

भिंतीला ठोसा मारला. उजव्या हाताची दोन बोटं सुजलीत, म्हणून अक्षर कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखं येतंय. मान मावशी म्हणाली, "भिंत शेठची आहे, हात तुझा आहे. यापुढे राग आला की कागदावर काढ." तिनेच नक्षीचे जुने कागद दिले, मागून कोरे. मान मावशी भरतकामाच्या मशीनवर असते. हूनानची आहे, तिखट खाते आणि तिखट बोलते. पहिल्या पानावर नाव लिही म्हणते, हरवलं तर कुणाचं ते कळतं.

लेई गन्शंग. वय चोवीस. गाव षान्शीच्या डोंगरात, इथून रेल्वेने दीड दिवस. काम कटिंगचं. कारखान्याचं हे दक्षिणेतलं आख्खं गाव बायकांच्या आतल्या कपड्यांवर जगतं. ब्रा, चड्ड्या, लेस, हूक. आठवीत शाळा सोडल्यापासून सहीशिवाय मी काही लिहिलेलं नाही.

राग च्वांगशेठचा. मी लेसचा तागा उलटा अंथरला, चूक झाली. चाळीस थर परत उलगडून सरळ केले, जेवायलाही गेलो नाही. तरी शेठ सगळ्यांसमोर म्हणाला, "उत्तरेची पोरं अशीच. नूडल खाऊन खाऊन डोकंही तसलंच, लांब आणि मऊ." सगळे हसले. त्यांच्या पेजेसारख्या पातळ भाताला आम्ही कधी हसलो का?

९ मार्च

यंदा सशाचं वर्ष, मी जन्मलो तेही सशाचंच, म्हणून माझं वर्ष. आपलं वर्ष आलं की माणसाच्या मागे साडेसाती लागते, म्हणून अंगाला काहीतरी लाल लागतं. बाकीची पोरं कारखान्यातल्याच लाल चड्ड्या घालतात. माझ्या आईने मात्र निघताना पिशवीत माझा लहानपणचा दूदोऊ कोंबला. पोटावर बांधायचा लाल कपडा, एक कोपरा वर, गळ्यात आणि कमरेला बंद. त्यावर पाच विषारी जिवांचं भरतकाम, लेकराला खरं विष बाधू नये म्हणून. साप, विंचू, घोण, बेडूक, पाल. सगळं आईच्या हातचं. म्हणाली, "उशीखाली ठेव. हरवलास तर घरी येऊ नकोस."

धुऊन दोरीवर टाकला होता. न्ये मॅडम तिथून चाललेल्या, थांबल्या. या हांगचौहून आलेल्या डिझायनर. जुन्या चिनी वळणाचे नवे आतले कपडे बनवायला शेठने मुद्दाम आणल्यात. चष्मा, विटलेली कापडी चप्पल, शेठसमोरही आवाज चढत नाही.

"कुणाचा हा?"

"माझा."

"तुझा?" हसल्या. मग कपड्याला हात न लावता खूप वेळ बघत राहिल्या. "छोट्या लेई, पालीला शेपूट का नाही?"

मी म्हटलं, दोरा संपला असेल. खरं तर मी कधी बघितलंच नव्हतं. पाल पायांपाशीच संपते. तुटल्या जागी तीन बारीक लाल टाके आहेत, बस्स.

१५ मार्च

न्ये मॅडमनी दूदोऊ मागून नेला, नमुना म्हणून. मी दिला. का दिला? 'कृपया' म्हणाल्या म्हणून. या कारखान्यात मला कृपया म्हणणारं दुसरं कोणी नाही.

आज त्यांनी मला कापायच्या टेबलापाशी बोलावलं आणि दूदोऊ पसरून म्हणाल्या, "तू कापणारा आहेस, तूच सांग. यात किती तुकडे?"

"एक."

"आणि आपल्या ब्रामध्ये?"

"सव्वीस. तार आणि हूक धरून."

"बघ. ती बाईचं अंग उचलते, दाबते, घडवते. हा नुसता अंगावर टेकतो. आकार अंगाने द्यायचा, कापडाने नाही. आणि हे मधलं लाल बघ. पाच जीव कडेकडेला आणि मधे काही नाही. आपले जुने लोक रिकामी जागा भरत नसत. डोळा तिथेच जाऊन बसतो."

दोन वर्षं मी हे कपडे कापतोय. असं कुणी मला समजावलं नव्हतं. दुपारी जेवताना मान मावशीला सांगितलं तर म्हणाली, "डोळा तिथे जाऊन बसतो? तुझे डोळे कुठे जाऊन बसलेत ते दिसतंय हो." मी वाटी आपटून उठलो.

२ एप्रिल, रविवार

आईला फोन केला. वाटलं होतं, तिचं भरतकाम बायकांच्या आतल्या कपड्यांवर येणार म्हटल्यावर भडकेल, शिव्या देईल. मी तयारीत होतो. तर उलट विचारते, "किती करणार?"

"पहिल्या खेपेला तीन हजार."

"कुठे कुठे जातात?"

"सगळीकडे. मोबाइलवर विकतात."

"फूच्येनला जातात?"

फूच्येन! ही बाई तालुक्याच्या बाजाराच्या पुढे कधी गेली नाही आणि फूच्येनचं विचारते! म्हटलं, "तुला काय करायचंय? तुला लाज नाही वाटत?"

"मला कसली लाज? जाऊ देत सगळीकडे. वयात आलेल्या बायाच घेतात ना?"

फोन कट केला. बाबा गेल्यापासून तिचं डोकं फिरलंय. बाबांचंही शेवटी फिरलंच होतं. माझा हात धरून म्हणायचे, "एक दिल्याशिवाय एक मिळत नाही, गनवा." बैलांचं म्हणत असतील. आम्ही बैल विकले त्या वर्षीच ते आजारी पडले.

५ एप्रिल

आज सगळा देश आपापल्या मेलेल्यांची थडगी झाडतोय. मी इथे लेस कापतोय. बाबांचं थडगं आई एकटी झाडेल.

१२ एप्रिल

आज मान मावशीच्या मशीनवर पहिला नमुना निघाला. बघून माझं डोकंच फिरलं. पालीला शेपूट! हिरवीगार, बाकदार, बाजारातल्या खेळण्यासारखी. आणि ते तीन लाल टाके गायब.

मी मशीन बंद करून ओरडलो, "हे कुणी केलं?"

मान मावशी म्हणाली, "शेठने. आणि लाल टाक्यांचं मला विचारू नकोस. तीन टाक्यांसाठी दोरा बदलायचा म्हणजे बारा सुया थांबवायच्या. मशीनला परवडत नाही. आईलाच परवडतं ते."

न्ये मॅडमकडे गेलो. त्या मानच वर करेनात. "शेठ म्हणतात, बिनशेपटीची पाल बेडकासारखी दिसते. दोन बेडूक झाले तर गिऱ्हाईक माल परत पाठवतं, सदोष म्हणून."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"छोट्या लेई, मी सतरा गोष्टींना नाही म्हटलं. तारेला, कपाला, चकाकत्या कापडाला. अठराव्यांदा तोंड उघडलं नाही."

१६ एप्रिल, रविवार

आईला सांगितलं. मला वाटलं, असल्या क्षुल्लक गोष्टीचं तिला काय? तिने तर फोनवर असा आवाज काढला की मी कानापासून लांब धरला. "शेपूट काढायला लाव! ऐकतोस का? काढायला लाव!"

"का पण?"

"मी लावली नव्हती म्हणून. पालीला शेपूट नको."

"अगं पण का?"

"तुला दुसरं काही जमत नाही, भांडता येतं ना? मग भांड."

जन्मात पहिल्यांदा आईने मला भांड म्हटलं. एरवी डोकं थंड ठेव, डोकं थंड ठेव. माझ्या मनात काहीतरी चुकचुकलं. पण विचारायला जावं तर ही आपली रडत बसलेली.

२१ एप्रिल

जाहिरात लागली. एक गोरीपान मुलगी, अंगावर माझ्या आईचे पाच जीव, खाली अक्षरं : 'महालातल्या राण्यांचा वारसा'. महाल! माझी आई चुलीपुढे बसून, धुराने डोळे चोळत भरत होती. आमच्या अख्ख्या गावात राणी म्हणून एकच, सरपंचाची डुकरीण.

आमच्या आठ जणांच्या खोलीत कुणीतरी ती जाहिरात दाराला चिकटवली. खोलीतला लांबुड्या फू म्हणाला, "गन्शंग, तुझ्या आईची पाल बघ कुठे चढलीय!" मी त्याला मारलं. तो माझ्याहून उंच आहे, त्यानेही मारलं. ओठ फुटलाय. लिहिताना कागदावर एक थेंब पडला, तो मुद्दाम पुसला नाही.

२४ एप्रिल

शेठकडे गेलो. तो त्याच्या त्या इवल्या कपांतून चहा ओतत होता. इथे कुणाचा मुडदा पडला तरी आधी चहा.

"बस. आधी चहा पी."

"चहा नको. शेपूट काढा."

"ओठाला काय झालं?"

"शेपटीमुळेच झालं."

तो हसला. "ए उत्तरेच्या, मी तीस वर्षं बायकांचे कपडे विकतोय. बाईला अर्धवट वस्तू आवडत नाही. पूर्ण पाल, पूर्ण भाग्य."

मी म्हटलं, "न्ये मॅडम म्हणतात, जुने लोक रिकामी जागा भरत नसत. डोळा तिथेच जाऊन बसतो. त्याच्यासाठीच त्यांना आणलंय ना? मग भरता कशाला?"

न्ये मॅडम दारातच उभ्या होत्या, ते मला माहीत नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. शेठ म्हणाला, "वा! आता कटिंगवाले मला कला शिकवणार!" आणि माझ्यासमोरचा कप उचलून स्वतःच प्यायला.

४ मे

मान मावशीने एक गंमत दाखवली. मशीन एकेका रंगाचं काम संपवून पुढच्या रंगाकडे जातं. शेपूट नक्षीत मागाहून घातलेली, म्हणून ती सगळ्यात शेवटी येते, वेगळ्या हिरव्यात. मावशी म्हणाली, "साप झाला, विंचू झाला, सगळं झालं, की मशीन थांबून विचारतं, पुढे जाऊ? मी हो दाबते. नाही दाबलं तर काय होतं, बघितलं नाही बाई कधी."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"माझ्याकडे काय बघतोस? मी आता पाणी प्यायला चालले. माझं वय झालंय. मी हळूहळू पिते."

८ मे

चार दिवस झाले, मावशीला फार तहान लागतेय.

९ मे

सापडलो. तीन हजार तुकडे भरून झाले, त्यातले दोन हजार मी कापूनही टाकले, तेव्हा तपासणाऱ्या बाईने शेठला हाक मारली. शेठ आला. एक तुकडा बघितला, दुसरा बघितला, गठ्ठाच उलटा केला. मग ओरडायला लागला, त्यांच्या भाषेत. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण आई आणि कुत्रा हे शब्द आता ओळखू येतात.

मी म्हटलं, "मी केलं. मशीनचं बटण मी दाबलं. मावशी पाणी प्यायला गेली होती."

शेठने कात्री फेकली. माझ्यावर नाही, टेबलावर. तेवढं त्याला कळतं. पाचव्या महिन्याच्या पंचमीचा सण दीड महिन्यावर आलाय, पाच विषांचा माल त्याच्या आधी नाही गेला तर वर्षभर पडून राहणार. परत भरायला ना कापड ना वेळ.

तेव्हा न्ये मॅडम पुढे आल्या. आवाज तसाच, अंगणातल्या झाडाशी बोलावं तसा. "च्वांगशेठ, हीच बरी दिसते. माल असाच जाऊ द्या. जाहिरातीत मी लिहीन, शेपूट मुद्दाम ठेवली नाही. परत आलेल्या मालाची जबाबदारी माझी."

"तुमची कशाला? याची!" शेठने माझ्याकडे बोट केलं. "उद्यापासून कटिंग बंद. परतीच्या खोलीत बस. एकेक बाई काय शिव्या घालते ते वाच, आणि हात जोडून उत्तर लिही."

१५ मे

परतीची खोली. खिडकी नाही. बायकांनी घालून बघून परत पाठवलेल्या ब्रा आणि चड्ड्या उघडायच्या, हुंगून बघायच्या, हो, हुंगून, नियम आहे, आणि चिठ्ठी वाचायची. मी कटिंगवाला! लोखंडी जाळीचा हातमोजा घालून चाळीस थर एका रेघेत कापणारा! लांबुड्या फू दारातून डोकावून नाक धरतो. त्याच्या तोंडावर एक पार्सल फेकलं. चुकलं.

दूदोऊ मात्र परत मिळाला. न्ये मॅडमनी स्वतः आणून दिला, पातळ कागदात घडी करून.

१० जून

माल विकायला लागला. परत यायलाही लागला. 'पालीला शेपूट नाही.' 'माझ्या पीसमध्ये दोष आहे.' 'हा कसला प्राणी? उंदीर?' प्रत्येकीला कॉम्प्युटरवर तेच लिहायचं, शेठने छापून दिलंय : 'प्रिय ग्राहक, आपल्या भावना आम्हाला समजतात.' मला कुणाच्याही भावना समजत नाहीत. काल एकीला लिहिलं, 'प्रिय ग्राहक, शेपूट तुमच्या नवऱ्याला लावा.' न्ये मॅडमनी ते पाठवायच्या आधी पुसलं. हसत होत्या, तोंड फिरवून.

पण त्यांनी एक दाखवलंही. ज्या बाया परत पाठवत नाहीत त्या जास्त आहेत. एकीने लिहिलं होतं, 'दिवसभर अंगावर काही आहे असं वाटलं नाही. पहिल्यांदा.'

२२ जून, सण

आज आईकडे दाराला नागदवणा टांगला असेल. दर सणाला ती दोन सुगंधी पुड्या शिवते, एक माझ्या गळ्यात आणि एक दाराला. मी लहानपणी विचारायचो, दाराला कशाला? म्हणायची, "येणाऱ्याला." आमच्याकडे डोंगरात येणार कोण? जकातवाला?

इथे नदीवर होड्यांच्या शर्यती. सुट्टी नाही. उकडलेला चिकट भात पानात बांधून शेठने एकेक वाटला, आत डुकराचं मांस. मी फेकणार होतो. भूक होती, खाल्ला.

२६ जून, सोमवार

जमेल तसं लिहितो.

सकाळी एका बाईचा निरोप. पूथ्येनची, म्हणजे फूच्येनमधलीच. नाव शू मेईलान, वय सत्तावीस. माल परत पाठवलेला नाही. एकच ओळ :

'शेपूट माझ्याकडे आहे.'

खाली फोटो. जुना, विटलेला लाल दूदोऊ. साप, विंचू, घोण, बेडूक. पाचव्या जागी पाल नाहीच. तिथे नुसती एक हिरवी शेपूट.

माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, ही लुच्ची. आमचा माल बघून जुनं कापड मळवलं, भरलं, आता म्हणणार नक्षी माझी, भरपाई द्या. लिहायला बसलो, 'चोर बाई'. मग वाटलं, आधी आईला सांगू. नक्षी तिची आहे, शिव्याही तिलाच घालू दे.

फोन केला. सगळं सांगितलं. म्हटलं, "बघ लोक किती नालायक असतात." आईने शिव्या घातल्याच नाहीत.

"तुटल्या जागी काय आहे?"

"काय असणार?"

"नीट बघ, गनवा. शेपूट जिथे तुटलीय तिथे बघ."

फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. शेपटीच्या जाड टोकाला तीन लाल टाके. बारीक. एकाशेजारी एक.

मी खोलीवर पळत जाऊन उशीखालचा माझा दूदोऊ आणला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याशेजारी धरला. तेच टाके. तोच हात. आणि मशीनने हे टाके घातलेले नाहीत. तीन हजारांतल्या एकावरही नाहीत. बघून नक्कल करायला ते या बाईला दिसलेच नाहीत कुठे.

"आहेत," मी म्हटलं. "तीन."

आई रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. भाकरी थापताना बोलावं तसं म्हणाली, "तिचा आधी शिवला. तीन वर्षांनी तुझा. तुझे बाबा म्हणाले होते, पाल शेपूट टाकते, पण जगते."

"कोण टाकते? आई, कोण?"

"तिने आणखी काय लिहिलंय?"

"काही नाही. एवढंच."

"मग तू लिही."

मी तोंडात आलं ते बोललो. चोवीस वर्षं तू मला काही सांगितलं नाहीस. लाल घाल, लाल घाल म्हणत राहिलीस. मी त्या शेपटीसाठी मार खाल्ला, कटिंग गेलं, लोकांच्या चड्ड्या हुंगल्या, आणि मला माहीतही नव्हतं कशासाठी. आई सगळं ऐकत राहिली. मला थांबवलं नाही. शेठवर राग काढावा तर त्याने नुसती शेपूट लावली होती. बाबांवर काढावा तर ते मातीत. ती दुसरी सुगंधी पुडी वर्षानुवर्षं दाराला का होती ते आत्ता कळलं, आणि मी तिला जकातवाला म्हणून हसत होतो. चोवीस वर्षांत पहिल्यांदा एवढा राग आला आणि मारायला समोर भिंतसुद्धा बरी वाटेना. बाबा बैलांचं म्हणतच नव्हते; पोरगी देऊन टाकली, मुलगा हवा होता ना त्यांना. तो मीच.

"लिहितोस का?" आई म्हणाली.

मी 'चोर बाई' पुसलं. सवयीने बोटांनी लिहिलं, 'प्रिय ग्राहक'. आईला वाचून दाखवलं.

"ते नको."

"नियम आहे, आई."

"ते नको, गनवा. ताई लिही."

लिहिलं. पुढे काय लिहायचं ते सुचेना, म्हणून माझ्या पालीचा फोटो काढला आणि त्या एका शब्दाखाली लावून पाठवून दिला.